शिफ्टची नोकरी, घरात आजारपण आणि ‘देवावर सोड’: रोज नक्की काय करायचं?

नाईट ड्युटी

नमस्कार मंडळी. विषय कॅथॉलिक प्रार्थनेचा असला तरी प्रश्न व्यवहारातले आहेत. धीराचे शब्द भरपूर मिळतात, पद्धत कोणी सांगत नाही. ती हवी आहे.

परिस्थिती थोडक्यात: हॉस्पिटलातली नोकरी, बारा तासांची ड्युटी, तीही फिरती. वसई ते अंधेरी लोकल. घरी डायलिसिसचा पेशंट, आठवड्याला तीन फेऱ्या. रविवार मोकळा मिळेलच असं नाही.

पहिला प्रश्न जपमाळेचा. गाडीत एका वेळी दोन दशकं (दशक म्हणजे दहा ‘नमो मरिये’) होतात, उरलेली तीन राहतात. तुकड्यातुकड्यांत म्हटलेली चालते का? मध्येच डोळा लागला तर?

दुसरा, रविवारची मिस्सा (देवळातली मुख्य उपासना) ड्युटीमुळे चुकते. मोबाईलवर पाहिली तर ती धरायची का? नाईट संपवून थेट सकाळच्या मिस्सेला गेलं तर आधी घेतलेल्या चहाचं काय?

तिसरा खरा. जो येतो तो सांगतो, ‘देवावर सोड.’ सोडायचं म्हणजे हातांनी काय करायचं? रिपोर्टची फाईल टेबलावर, कर्जाचा हप्ता पाच तारखेला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक नोव्हेना, खाली ‘नऊ जणांना पाठवा, खंड पाडू नका’. न पाठवल्यावर मनात येतं, आपल्यामुळे काही बिघडलं तर?

जुना कॅटेकिस्ट

ताई, जपमाळेचं उत्तर सगळ्यात सोपं, म्हणून तिथून सुरू करतो. तुकड्यांत चालते. एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, दहा ‘नमो मरिये’ आणि एक गौरव एवढ्याला न घाई करता तीन-साडेतीन मिनिटं लागतात. वसई रोडहून गाडी सुटली की नायगाव मागे पडेपर्यंत एक, आणि खाडीचा पूल संपेपर्यंत दुसरं दशक आरामात होतं. पाचही दशकं सलग म्हणायची अट आहे ती पूर्ण पापदंडमुक्तीसाठी, म्हणजे पापाच्या शिक्षेतून चर्च देतं त्या पूर्ण सुटीसाठी. त्यासाठी जपमाळ देवळात किंवा घरच्यांबरोबर, मंडळींबरोबर म्हणावी लागते. शिवाय पापनिवेदन, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडलेली असणं, हे सगळं लागतं. ते नसेल तर जपमाळ वाया जाते असं कुठेही म्हटलेलं नाही.

गाडीतल्या जपमाळेत चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातल्या एका प्रसंगाचं, म्हणजे रहस्याचं, मनन असतं. रोज पहिली दोनच दशकं होत असतील तर सोमवारी आणि शनिवारी तुम्ही कायम गाब्रिएलचा निरोप आणि एलिझाबेथची भेट यांवरच असता. येशूचा जन्म येतच नाही. शुक्रवारी गेथशेमाने बागेतली येशूची वेदना आणि फटके होतात, क्रूसापर्यंत पोचणं होत नाही. यावर उपाय म्हणजे वारांची वाटणी बाजूला ठेवायची. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची ही रीत आहे, सक्ती नाही. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं सुचवली, तेव्हापासून एकूण वीस झाली. जाताना दोन, येताना दोन, म्हणजे दिवसाला चार; पाच ड्युट्यांत वीसच्या वीस. कुठं थांबलात ते लक्षात राहत नसेल तर पासाच्या पाकिटात वीस ओळींची चिठ्ठी आणि तिला एक क्लिप. थांबलात त्या ओळीवर क्लिप सरकवायची.

गर्दीत माळ काढू नका. तुटली की मणी डब्यात शोधत बसावं लागतं. बोटं दहाच आहेत, ती पुरतात. ‘नमो मरिये’ म्हणता म्हणता अंगठा एकेका पेरावर नेला तरी होतं. डब्यात भजनी मंडळ रंगलेलं असेल तर त्यांच्या टाळांवर चिडू नका. त्या नादात जप उलट चांगला टिकतो.

झोप लागली तर लागली. लिझ्यूची संत तेरेज प्रार्थनेत कितीदा झोपी जायची, आणि त्याबद्दल तिने मनाला लावून घेतलं नाही. आईबापांना मूल जागं असताना जेवढं आवडतं तेवढंच झोपलेलंही आवडतं, असा तिचा हिशेब होता. हीच तेरेज चर्चच्या आचार्यांच्या यादीत आहे. तेव्हा अंधेरी आली, उतरा, उरलेलं परतीच्या गाडीत.

आता दिवसाची घडी. फिरत्या शिफ्टवाल्यांची प्रार्थना मोडते कारण ती घड्याळाला बांधलेली असते. ‘सकाळी सहाला’ असं ठरवलं की नाईटच्या आठवड्यात सगळं कोसळतं आणि मग दोन आठवडे काहीच होत नाही. म्हणून ती कृतीला बांधा. उठल्यावर पाय जमिनीला लागले की अर्पण: ‘प्रभू, आजचं काम, त्रास, आनंद तुला देते.’ वीस सेकंद. मग पहाटेचे चार असोत की दुपारचे तीन, तुमची ‘सकाळ’ तीच. हॉस्पिटलात हँडरब चोळायला वीस ते तीस सेकंद लागतात आणि एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ तेवढ्यातच बसतो. प्रत्येक वेळी नको, यांत्रिक होतं. वॉर्डात शिरतानाचा पहिला आणि बाहेर पडतानाचा शेवटचा, एवढे दोन ठरवा. औषधाचा डोस मोजताना मात्र काहीही पुटपुटू नका. तेव्हा लक्ष सिरिंजच्या रेघेवर हवं, आणि त्या मिनिटाला देवाला तुमच्याकडून तेच हवं आहे.

दुपारच्या घंटेला देवदूताची प्रार्थना म्हणता आली तर उत्तम. तीन वचनं, प्रत्येकामागे एक ‘नमो मरिये’, शेवटी एक प्रार्थना, मिळून दोन मिनिटं. पास्काच्या काळात, म्हणजे ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याचा सण), तिच्या जागी ‘स्वर्गाच्या राणी’ येते.

एवढं पुरे. पहिल्याच महिन्यात याच्यावर करुणेची माळ, वचनवाचन आणि दोन नोव्हेना लादल्या तर तिसऱ्या आठवड्यात सगळं सुटणार.

बावखल

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, तिथं समज-गैरसमज फार आहेत.

रविवारी मिस्सेला जायचं बंधन शनिवार संध्याकाळच्या मिस्सेनेही पूर्ण होतं. चर्चच्या कायद्याचं १२४८ वं कलम म्हणतं, सणाच्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी, कुठल्याही कॅथॉलिक विधीनुसार झालेली मिस्सा चालते. म्हणजे आपलाच धर्मग्राम (पॅरिश) लागत नाही. अंधेरीत ड्युटी असेल तर तिथल्या देवळात शनिवारी संध्याकाळी जा. इंग्रजी असो, कोंकणी असो, केरळी कॅथॉलिकांची सिरो-मलबार असो. महिन्याचा रोस्टर हातात आला की त्याच दिवशी चारही रविवारांसमोर वेळ आणि देऊळ लिहून टाका. शुक्रवारी रात्री शोधायला बसलात की हमखास चुकतं.

चारही बाजूंनी अडलं, शनिवारी दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत ड्युटीच आहे किंवा पेशंटला सोडून जाता येत नाही, तर ते पाप धरलं जात नाही. आजारपण, लहान मुलांची देखभाल यांसारखी गंभीर कारणं धर्मशिकवणीत स्पष्ट दिली आहेत. दर महिन्याला असंच होणार असेल तर प्रमुख धर्मगुरूंना एकदा भेटून सांगा. त्यांना सूट देण्याचा किंवा बदल्यात दुसरं धर्मकृत्य सांगण्याचा अधिकार आहे. त्याने मनातली टोचणीही जाते. ‘ड्युटी होती’ आणि ‘ड्युटीनंतर कंटाळा आला’ यांतला फरक मात्र आपला आपल्यालाच ठाऊक असतो.

आता चहा. उपवास कम्युनियनच्या आधी एक तासाचा आहे, मिस्सेच्या आधीचा नाही. मिस्सा सहाला असेल तर कम्युनियन साधारण साडेसहा-पावणेसातला येतं. चहा-बिस्किट साडेपाचला संपलं असेल तर अडचण नाही. पाणी आणि औषध केव्हाही चालतं. रात्रभर उभं राहून उपाशीपोटी देवळात चक्कर येऊन पडण्यात पुण्य नाही. आणखी एक: वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना तर हा तासही लागू नाही, त्यांनी काही घेतलं असलं तरी चालतं. घरी पेशंटसाठी कम्युनियन येतं तेव्हा तुम्ही त्यांच्या सेवेत असता, तेव्हा तुम्हालाही ही सवलत आहे.

मोबाईलवरची मिस्सा: बंधन पूर्ण होत नाही. पण जाणं शक्यच नाही अशा दिवशी ती पाहणं चांगलंच. ती पाहताना फोन टेकवून ठेवा, हातात धरलात की नोटिफिकेशन आलंच. उभं राहायच्या वेळी उभं राहा. कम्युनियनच्या वेळी आत्मिक कम्युनियन: प्रभू वेदीवर खरोखर आहे हे मानते, त्याची ओढ आहे, आज संस्काराने घेता येत नाही म्हणून हृदयात ये, आणि मग एक मिनिट गप्प. ते गप्प मिनिट बहुतेक जण गाळतात.

रमेदीकर

मोबाईलच्या मिस्सेबद्दल जरा कडक बोलतो. सहा महिने ‘शक्यच नाही’ म्हणत पलंगावरून पाहणारे घरोघर आहेत. देवळाच्या पायरीवर पाय ठेवायचा आळस सुरू झाला की तो सहज जात नाही. १५ ऑगस्टला मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. ऑफिसला सुट्टी असते, झेंडावंदनाला सगळे हजर असतात, आणि मिस्सा मात्र मोबाईलवर.

बावखल

दादा, आळशी माणसाला तुमचं म्हणणं लागू आहे. इथं विचारणारी बाई बारा तास उभी आहे. दोघांना एकच औषध देऊ नका.

कोपऱ्यातलं बाकडं

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. लांब होईल.

आधी त्या ‘नऊ जणांना पाठवा’चा निकाल लावू. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. तिचं मूळ प्रेषितांची कृत्ये पहिल्या अध्यायात आहे: स्वर्गारोहणानंतर शिष्य आणि मरिया एकत्र प्रार्थना करत राहिले, ते पेन्टेकॉस्टपर्यंतचे दिवस. त्यांनी कोणाला प्रती वाटल्या नव्हत्या. माहीमच्या सेंट मायकलमध्ये बुधवारी नित्य साहाय्य मातेच्या नोव्हेनेला लोक उभे राहतात, तीही प्रार्थना आहे. पण नऊ दिवस रोज नऊ प्रती देवळात ठेवा, मिळून ८१, म्हणजे मागितलेलं हमखास मिळेल, हे जुन्या झेरॉक्सच्या काळापासून फिरतंय. व्हॉट्सअ‍ॅपने फक्त कागद वाचवला. बाहेरची कृती केली की फळ आपोआप, मनाची तयारी असो नसो, याला धर्मशिकवण सरळ अंधश्रद्धा म्हणते, आणि तेही पहिल्या आज्ञेखाली. तेव्हा संदेश पुसा. पुसताना भीती वाटली तर त्याच जागी एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणा, ज्याने पाठवला त्याच्यासाठी. नोव्हेनेत एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढं चालू करा. पहिल्यापासून मोजणी करू नका. मोजणीवर जीव अडकला की प्रार्थना राहते बाजूला आणि हिशेब सुरू होतो.

आता ‘सोडणं’. लोक याचे दोन अर्थ घेतात आणि दोन्ही चुकतात. एक, काहीच करायचं नाही, देव बघेल. दुसरा, काळजी वाटणंच बंद झालं पाहिजे, वाटली म्हणजे श्रद्धा कमी. पहिल्याला येशूनेच उत्तर दिलं आहे: बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा, लूक १४. दुसऱ्याला गेथशेमानेचं उत्तर: घामाच्या धारा लागल्या, प्याला टळो असं तो मागून बसला, आणि मग ‘तुझी इच्छा’. भीती होती, भरवसाही होता, दोन्ही एकाच रात्री. तेव्हा भरवसा म्हणजे मन शांत वाटणं, ही कल्पना आधी काढून टाका. शांतता कधी येते, कधी येत नाही. तुमच्या हातात फक्त कृती आहे.

कृती अशी. एक वही, पान उभं दुमडून दोन रकाने. आठवड्यातून एकदा, ड्युटी नसेल त्या दिवशी, पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. डावीकडं जे माझ्या हातात आहे ते, आणि प्रत्येकापुढं तारीख. ‘बाबांची काळजी’ असं लिहू नका, ते काम नाही. ‘मंगळवारी डायलिसिसनंतर डॉक्टरांना हिमोग्लोबिनचं विचारणं’, ‘बँकेत हप्त्याची तारीख दहा करून मिळते का विचारणं, गुरुवार’. असं लिहिलं की ते काम होतं. उजवीकडं जे माझ्या हातात नाही ते: किडनी पुढं कशी वागेल, दात्याचा नंबर कधी लागेल, वरिष्ठ काय ठरवतील. उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीची एक वाक्याची विनंती करा, नाव घेऊन, आणि तिच्या मागोमाग एक आभार. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये पौल हेच सांगतो: कशाचीही चिंता नको, प्रार्थना आणि विनंती करा, आभारासहित. आभार गाळले की विनंती पुन्हा चिंतेत उतरते. त्यांनी नजर एका गोष्टीवरून उठते, एवढंच त्यांचं काम. आभारही नेमका हवा. ‘सगळ्यासाठी आभार’ नको; ‘काल फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचतात ती हातातली जोडलेली रक्तवाहिनी) नीट चालला त्याबद्दल’ असा.

रात्री तीन वाजता उजव्या रकान्यातलं काही डोक्यात आलं तर त्यावर विचार करायचा नाही, त्याचं नाव घेऊन एकच ओळ म्हणायची: ‘येशू, मी तुझ्यावर भरवसा ठेवते.’ संत फाऊस्तिनाच्या सांगण्यावरून १९३४ मध्ये विल्नियसला येशूचं जे चित्र रंगवलं गेलं त्याच्या खाली हीच ओळ आहे. विचार परत येईल, ओळ परत म्हणा. वीसदा आला तर वीसदा. विचार येऊ नये यासाठी ही ओळ म्हणू नका, आला की तो कुठं ठेवायचा हे तिने ठरतं. डाव्या रकान्यातलं काम आठवलं तर दिवा लावून एक शब्द लिहा आणि झोपा.

गफलत बहुतेक वेळा एकच होते: उजव्यातलं डावीकडं येतं. पेशंटचं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) तुमच्या प्रार्थनेच्या संख्येवर चढत-उतरत नाही. रिपोर्ट बिघडला की ‘माझी जपमाळ अर्धी राहिली म्हणून’ असं मनात येऊ लागलं तर रकाने मिसळलेत हे ओळखा. उलट्या बाजूने, पथ्याची वही भरणं देवावर सोडू नका, ते डावीकडचंच आहे.

डॉक्टरबद्दलही एक. औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी, असं कुठल्या सभेत ऐकलं असेल तर सिराख ३८ वाचा: वैद्याला मान द्या, त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केलं, औषधं जमिनीतून त्यानेच दिली. हे पुस्तक ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये सापडणार नाही, आपल्या कॅथॉलिक आवृत्तीतल्या ७३ मध्ये आहे. हे तुम्हालाही लागू आहे. झोप दोन-तीन आठवडे उडालेली असेल, जेवण जात नसेल, तर वही आणि प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरांना भेटा. तेही डाव्या रकान्यात, तारखेसकट.

नाईट ड्युटी

सगळ्यांचे आभार. रकान्यांची वही आजच सुरू करते. अजून दोन शंका. प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, भिंतीशी बोलल्यासारखं. आणि रात्री दिवसाचा आढावा घ्यायला बसलं की फक्त चुका आठवतात, उठताना आधीपेक्षा जड वाटतं. कुठं चुकतं?

जुना कॅटेकिस्ट

आढाव्याचा क्रम उलटा पडतोय. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नास यांच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत आणि चुका तिसऱ्या पायरीवर येतात. पहिली आभार. दुसरी, मला खरं दिसू दे ही मागणी. तिसरी, उठल्यापासून आत्तापर्यंत तासातासाने फिरणं: विचार, बोलणं, कृती. चौथी क्षमा. पाचवी उद्यासाठी ठराव, शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. तुम्ही आभार आणि मागणी गाळून सरळ तिसरीत उडी मारता, तीही थकलेल्या डोक्याने. मग ती चौकशी समिती होते.

दहा मिनिटं धरा आणि त्यातली निदान तीन आभारांना द्या. वस्तू नेमक्या हव्यात: सिस्टरने दिलेला अर्धा वडापाव, वेळेवर आलेली गाडी. तिसऱ्या पायरीत ‘मी कुठं चुकले’ एवढंच विचारू नका. ‘देव कुठं भेटला आणि मी ओळखलं नाही’ हेही विचारा. सात नंबर बेडच्या आजींनी हात धरला तो क्षण चुकांच्या यादीत बसत नाही, म्हणून रोज निसटतो. ठराव एकच आणि छोटा: ‘उद्या हँडओव्हरला आवाज चढवणार नाही.’ ‘उद्यापासून चांगली वागेन’ हा ठराव नव्हे.

नाईटला हे झोपायच्या आधी, म्हणजे सकाळी नऊला करा, पण आडवं होऊन नको. खुर्चीत बसा.

एकच दोष पुन्हापुन्हा येत असेल तर इग्नासची दुसरी, बारीक युक्ती आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची. तो दोष घडला की हात छातीवर ठेवायचा, चारचौघांतही कोणाला कळत नाही, आणि वेळ मिळाली की रेघेवर एक ठिपका. रात्री दोन रेघा ताडून पाहायच्या, आणि आठवडा संपला की दोन आठवडे. ठिपके कमी होतात का एवढंच बघायचं. दोष एका वेळी एकच घ्यावा. तीन घेतले तर ठिपके मोजण्यातच दिवस जाईल.

भिंतीबद्दल. कोरडेपणा आला म्हणजे प्रार्थना चुकली असं नाही. कोलकात्याच्या मदर तेरेसांना तो दशकानुदशकं होता, त्यांच्या पत्रांतून तो नंतर जगाला कळला, आणि २०१६ मध्ये त्यांना संतपद मिळालं. इग्नासचे इथं दोन नियम आहेत. कोरड्या काळात आधी ठरवलेलं बदलायचं नाही. आणि मन उठ म्हणत असेल तर ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायचं. दहा मिनिटं ठरली असतील तर अकरा. अकराव्या मिनिटाला काही होत नाही, पण ‘मला वाटेल तेव्हा उठेन’ ही सवय तिथं मोडते. थकव्यामुळे कोरडं वाटणं मात्र वेगळं. तीन नाईटनंतर देव दूर गेलेला नसतो, झोप गेलेली असते. आधी झोपा.

रमेदीकर

पापनिवेदनाचं कोणीच बोललं नाही. आढाव्यात जे जड वाटतं ते महिन्यातून एकदा तिथं ठेवून या, रोज उकरू नका. जाताना तीन गोष्टी: शेवटचं पापनिवेदन कधी झालं, गंभीर पाप असेल तर प्रकार आणि किती वेळा, आणि मग बाकीची नेहमीची. गोष्ट सांगत बसायचं नाही. ‘सासू असं म्हणाली म्हणून मी’ सुरू झालं की ते सासूचं पापनिवेदन होतं. तीन-चार मिनिटांत होतं. वर्षं लोटली असतील तर शनिवारच्या रांगेत नको, फादरांकडून वेगळी वेळ घ्या. एकदा सांगून क्षमा झालेलं पाप पुन्हापुन्हा सांगावंसं वाटत असेल तर धर्मगुरू बदलत फिरू नका. एकाच फादरांकडे जा आणि ते ‘पुरे’ म्हणाले की पुरे.

मघाशी मोबाईलवरून बोललो ते ताईंना उद्देशून नव्हतं.

बावखल

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया इथं आठवतात. आधी जपानात व्यापार, मग फ्रान्सिस्कन मठात, तेही फादर म्हणून नाही, साधे ब्रदर म्हणून, आणि काम दुभाषाचं. १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर गेले तोपर्यंतचे बहुतेक दिवस दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला समजावण्यात गेले असणार. नर्सच्या नोकरीत त्याहून वेगळं काय असतं?

पेशंटबद्दल एक राहिलं होतं. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवू नका. दुखणं गंभीर झालं की लगेच घ्यायचा. दुखणं वाढलं किंवा मोठं ऑपरेशन ठरलं तर पुन्हा घेता येतो. पेशंट शुद्धीत असताना फादर आले तर पापनिवेदनही होतं. ‘फादरांना बोलावलं तर बाबा घाबरतील’ म्हणून लोक थांबतात आणि मग बेशुद्धीत बोलावतात.

राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवारचा उपवास १८ पूर्ण झालेल्यांपासून ६० व्या वर्षात पाऊल टाकेपर्यंतच्या निरोगी माणसांसाठी आहे. डायलिसिसवरच्या माणसाने जेवण चुकवायचं नाही. त्यांनी त्या दिवशी कोणासाठी तरी एक दशक म्हणावं.

नाईट ड्युटी

घरी कम्युनियन आणणाऱ्यांना सांगितलं आहे, येत्या शुक्रवारी डायलिसिस नाही. तयारी काय करायची? आणि त्यांना पाणी मोजून देतो, दिवसाचं ठरलेलं. होस्ट (कम्युनियनची पातळ भाकर) कोरडा गिळता येत नाही.

बावखल

पलंगाशेजारी छोटं टेबल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड, क्रूस, एक मेणबत्ती. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवू नका, नुसती ठेवा. टीव्ही आणि मिक्सर बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. ते ख्रिस्ताचं पवित्र शरीर, म्हणजे होस्ट, घेऊन येतात, तेव्हा दारात गप्पा आणि चहाचा आग्रह नको, तो नंतर. पेशंटला आधीच उशी लावून बसतं करा. आडवं असताना ठसका लागतो.

आणणाऱ्यांना आधीच सांगा की होस्टचा छोटा तुकडाच द्या. तुकड्यातही प्रभू पूर्ण असतो. पाणी चमच्याने द्या, ग्लासाने नको. एक चमचा पाच मिलीचा, तोंड ओलं करायला एक आधी आणि गिळायला एक नंतर. ते दहा मिली त्या दिवसाच्या हिशेबात लिहून ठेवा. कण चिकटला असेल तर बोटाने काढू नका, आणखी अर्धा चमचा द्या.

आणि शुक्रवारी तुमची नाईट उतरती असेल तर त्यांना दहानंतरची वेळ द्या, म्हणजे तुम्हालाही तिथं बसून घेता येईल.